विषय: हायस्कूल डिझाइन वर्ग: सात नंबरच्या घराचा जिना बसत नाही (तातडीचं)

मृणाल:
नमस्कार मंडळी,
गुरुवारी नकाशे छापायला जाणार, त्याआधी निकाल हवाय. सात नंबरच्या गटाने जिन्याला 3000 × 1900 जागा ठेवलीय (सगळं मिमीत, नेहमीप्रमाणे). मजल्याची उंची 3000. सरळ जिना काढून त्यात 12 रायझर (पायरीची उभी बाजू) कोंबलेत, म्हणजे एकेक 250 चा, ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) 270. हा जिना नाही, शिडी आहे. भिंत सरकवली तर स्वयंपाकघराची खिडकी जाते म्हणून मुलं अडून बसलीत. भिंत हलवायची की जिना बदलायचा?

अविनाशकाका:
भिंतीला हात लावू नका.

3000 भागिले 17, रायझर 176.5. ट्रेड 250 घ्या. दोन रायझर अधिक एक ट्रेड म्हणजे 603. ही बेरीज 600 ते 640 च्या आसपास राहिली की चढताना पाय अडखळत नाही. (ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविदाने सतराव्या शतकात घातलेला हिशोब, थोड्याफार फरकाने अजून चालतो.) सरळ नेलात तर 16 ट्रेड, 4000 लांबी, विषय संपला. डॉगलेग करा, म्हणजे अर्ध्यावर उलटा वळून वर जाणारा दोन टप्प्यांचा जिना. पहिल्या टप्प्यात 9 रायझर, 8 ट्रेड. दुसऱ्यात 8 रायझर, 7 ट्रेड. 8 × 250 = 2000, त्यात 900 चं लँडिंग (वळायची सपाट जागा), एकूण 2900. रुंदीत 900 + 100 + 900, बरोब्बर 1900.

मुलं 17 रायझरना 17 ट्रेड धरतात, तिथे लक्ष ठेवा. टप्प्याच्या शेवटी जो ट्रेड येतो तो लँडिंग किंवा वरचा मजलाच असतो, वेगळा मोजायचा नाही.

शैलजाताई:
काका, डॉगलेग बसला खरा, पण बाथरूमचं दार कुठे आहे ते पाहिलंत का? नेमकं लँडिंगखाली. लँडिंग 9 × 176.5 म्हणजे 1588 वर येतं, 150 जाडी वजा केली की खाली 1438 उरतात. आत जायला रांगावं लागेल. डोक्यावर निदान 2000 मोकळे हवेतच. दार बाजूच्या भिंतीत घ्या, नळाची भिंत आहे तिथेच राहू द्या, लँडिंगखाली अडगळीचं कपाट करा. आणि वरच्या मजल्याचा नकाशा उघडा: जिन्याच्या डोक्यावर स्लॅबमध्ये मोकळी जागा सोडायची असते, तिथे त्यांनी पलंग ठेवलाय!

अजून एक. उंची तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत मोजायची. स्लॅबपासून स्लॅबपर्यंत मोजून नंतर दोन्ही मजल्यांवर 50 चा थर टाकला आणि पायऱ्यांवर टाकला नाही, तर पहिली पायरी 126.5 ची आणि शेवटची 226.5 ची होते. माणूस ठेचकाळतो तो अशाच पायरीवर, सगळ्या सारख्या उंच असतील तर नाही.

निखिल:
हे सॉफ्टवेअरने आधीच सांगायला हवं होतं ना? रेव्हिट इशारा देतं.

मृणाल:
दिला होता. इशारा गप्प व्हावा म्हणून त्यांनी रायझरची कमाल मर्यादाच 250 करून टाकली. फाईलमध्ये तसं दिसतंय.

अविनाशकाका:
म्हणूनच मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, जिन्याचा छेद (उभा कापल्यावर दिसेल तसा नकाशा) आधी हाताने काढायचा. उभी 3000 ची रेघ, तिचे 17 भाग, मग आडव्या रेघा. तिरकी पट्टी ठेवून समान भाग पाडायचे, दशांशाची भानगडच नको. पण अभ्यासक्रम तुमच्या समितीने ठरवलाय, मी काय बोलणार.

निखिल:
काका, छेद हाताने काढायला ना नाही. पण नकाशात बाण खाली दाखवलाय, तो हातानेही चुकलाच असता. तळमजल्याच्या नकाशात बाण वर चढतानाच्या दिशेने आणि सुमारे 1200 उंचीवर तिरकी तुटक खूण, एवढं करून घ्या.

प्रसाद (प्रदर्शन समिती):
जिना कसाही करा, मॉडेल 1:100 करा. टेबलं 1800 × 750 ची. 1:50 च्या मॉडेलाचा ए2 पाया 594 × 420, एका टेबलावर तीनच मावतात. वीस मॉडेलांना सात टेबलं लागतील, आपल्याकडे पाच आहेत. हे मागच्या वेळीही सांगितलं होतं.

शैलजाताई:
1:100 ला रायझर 1.77 मिमी येतो. 2 मिमीच्या ग्रे-बोर्डचे (जाड पुठ्ठ्याचे) 17 थर लावले तर 34 होतात, हवेत 30. म्हणजे जिना खऱ्या मापात 400 ने वर निघाला. 1:50 ला 3.53 येतो, 2 आणि 1.5 चे बोर्ड चिकटवले की 3.5. सतरा थरांचे 59.5, उरलेला अर्धा मिमी साध्या कागदाच्या पाच तुकड्यांनी भरतो. 3 मिमीचा फोमबोर्ड मात्र जिन्याला नको, त्यात एकूण 9 मिमी कमी पडतात.

प्रसाद, पाया आडवा ठेवू नका, उभा ठेवा. रुंदी 420, चार मिळून 1680. खोली 594, ती 750 त बसते. पाच टेबलं, वीस मॉडेलं.

प्रसाद:
ठीक. पण नावाच्या पाट्या पुढच्या कडेलाच लागतील, त्या 150 पट्ट्यात.

मृणाल:
झालं मग, डॉगलेग. छापताना 'पानात बसवा' बंद ठेवा, 'मूळ मापात' निवडा. प्रत्येक पानावर 5 मीटरची मापपट्टी टाकलीय, 1:50 ला ती 100 मिमी भरली पाहिजे. 97 भरली तर तो कागद कापायला घेऊ नका. फोमबोर्डला पांढरा गोंदच, उग्र वासाचा लावला तर आतला फोम विरघळतो. कटरची पाती नवी आणा, बोथट पात्याने कडा फाटते. एका दाबात कापू नका, तीन हलक्या फेऱ्या, पोलादी पट्टी धरून.

निखिल:
पाती किती आणू? वीस गटांना प्रत्येकी दोन धरतो.