मदत हवी आहे: ‘द बिग स्लीप’चा गोंधळ दोषाचा गुण कधी झाला?

हॉवर्ड हॉक्सच्या ‘द बिग स्लीप’ या गुप्तहेरपटावर (१९४६) आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात वीस मिनिटं बोलायचं आहे. त्यातल्या बोगार्ट-बकॉल या नायक-नायिकेबद्दल नाही, समीक्षकांबद्दल.

न्यूयॉर्क टाइम्समध्ये बॉस्ली क्राउदरने तेव्हा कथानक कळत नाही म्हणून चित्रपटाला झोडपलं होतं. शोफर ओवेन टेलरला कोणी मारलं, हे तर मूळ कादंबरीकार चँडलरलाही सांगता आलं नव्हतं. चित्रपटाची आधीची, १९४५ची आवृत्ती सैनिकांना दाखवली होती. तिच्यात गुप्तहेर मार्लो सरकारी वकिलाच्या कचेरीत सगळी प्रकरणं उलगडून सांगतो. स्टुडिओने तो प्रसंग काढला आणि बकॉलची दृश्यं वाढवली. मला हा निर्णय फार धाडसी वाटतो, आणि बरोबरही.

दोन्ही आवृत्त्या पाहिल्यात. क्राउदर आणि समीक्षक रॉजर एबर्टचा १९९७चा लेख वाचलाय. एबर्टपर्यंत हा गोंधळच चित्रपटाची गंमत ठरलेला दिसतो. मला मधला काळ हवाय, साधारण १९५० ते १९७०. फ्रेंच येत नाही; मराठी किंवा इंग्रजीच चालेल. निव्वळ कथासार सांगणारे लेख नकोत.

या काळात हा गोंधळ दोष नसून चित्रपटाचं बळ आहे, असं ठामपणे मांडणारा लेख किंवा पुस्तकातलं प्रकरण कोणी वाचलंय का?