सगळा वर्ग एका बाजूला आणि आपण एकटे : तुमचा अनुभव सांगा

दर शनिवारी दुपारी साताऱ्यात माझ्या घरी मुलांचा पुस्तकाचा तास असतो. आठवी-नववीची दहाबारा पोरं येतात. गेल्या महिन्यात त्यांना रॉबर्ट कॉर्मिए यांची 'द चॉकलेट वॉर' ही १९७४ सालची अमेरिकन कादंबरी मराठीतून सांगितली. शाळेला पैसे उभे करायचे आहेत म्हणून चॉकलेटचे २०,००० डबे आणलेत, प्रत्येक मुलाने ५० डबे विकायचे. जेरी नावाचा मुलगा हजेरीच्या वेळी रोज 'नाही' म्हणतो. पहिले दहा दिवस तो नकार देतो ते शाळेतल्या एका गुप्त टोळीच्या हुकमावरून. मुदत संपते, हुकूम उठतो, तरी तो 'नाही'च म्हणतो. तिथून सगळी शाळा त्याच्यावर उलटते. शेवटी तो मार खाऊन पडतो आणि त्याला पाडणारे मोकळे राहतात. शेवट जरा बरा करा, असं काही प्रकाशकांनी कॉर्मिएंना सांगितलं होतं. त्यांनी केला नाही, आणि बरंच झालं.

तास संपल्यावर एका मुलाने विचारलं, "ताई, चारशे पोरांत एकालापण त्याच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं नाही?" गूबर नावाचा मित्र आहे, तो मनातून जेरीच्याच बाजूचा. पण नेमक्या त्या दिवसांत तो आजारी म्हणून घरी पडून राहतो. हे सांगताना माझाच आवाज बसला, कारण मी गूबर होते.

सातवीत असताना भिंतीवरचा नकाशा कुणी फाडला हे एका मुलीने बाईंना खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गाने तिच्याशी अबोला धरला, तो दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. ती माझ्याच बाकावर बसायची. दोघींच्या मध्ये दप्तर ठेव, असं मला सांगण्यात आलं आणि मी ठेवलं. तिला खोडरबर लागायचं. हात दप्तरापर्यंत यायचा, थांबायचा आणि परत जायचा. मग ती बोटाला थुंकी लावून अक्षर पुसायची, कागद फाटायचा. मी ते रोज बघत होते.

म्हणून हा धागा. शाळेत एकटं पडलेल्यांनी लिहावं, आणि माझ्यासारख्या दप्तर मध्ये ठेवणाऱ्यांनीही लिहावं. शनिवारी मी हे मुलांना वाचून दाखवणार आहे. शाळेचं किंवा माणसाचं नाव नको, गाव पुरे.

तासगाव, द्राक्ष बागायतदार

दहावी, १९९४. आमच्या केंद्रावर खिडकीतनं चिठ्ठ्या यायच्या. माझ्या मागं आमच्याच वस्तीवरचा गडी बसलेला. बीजगणिताच्या पेपरला त्यानं पायानं बाक ढोसला, म्हणला, "पेपर जरा तिरका धर." मी धरला नाही. आईवडील वर्षभर दुसऱ्याच्या बागेत विरळणीला जात होते, त्या पैशावर माझी फी भरली होती. तो पेपर माझा एकट्याचा नव्हताच. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदा आहे हे मला फार नंतर कळलं. त्या वयात मला कायदा दिसत नव्हता, मागचा बाक दिसत होता.

सुटल्यावर बघतो तर सायकलच्या दोन्ही चाकांच्या व्हॉल्वट्यूब गायब. सहा किलोमीटर सायकल ढकलत आलो. वर्गातली पोरं शेजारून जात होती. घंटी वाजवायची, पण थांबत कुणी नव्हतं. वडिलांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या खिशात व्हॉल्वट्यूबचा अख्खा तुकडा आणि कातरी घातली, आणि हँडलला पंप बांधून दिला. उरलेले सगळे पेपर मी तसाच गेलो. रोज हवा सोडलेली असायची, रोज मी भरायचो.

तो गडी आता माझ्या बांधाला बांध लागून आहे. चांगला बोलतो, अडीनडीला ट्रॅक्टर देतो. त्या पेपराचा विषय आम्ही कधी काढला नाही.

कऱ्हाड, बँकेत नोकरी

आमची सहल आयत्या वेळी रद्द केली म्हणून नववीच्या अख्ख्या वर्गाने दांडी मारायचं ठरवलं. राग रास्त होता, हे मी आजही म्हणेन. पण मी उंब्रजहून एसटीने यायचे. 'आज शाळा नाही' असं आईला खोटं सांगणं मला जमलं नाही, म्हणून आले. वर्गात मी एकटी. सर आले आणि त्यांनी पहिल्या नंबरापासून हजेरी घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक नावापाशी थांबायचे, रिकाम्या बाकाकडे बघायचे, मग पुढचं नाव. माझा नंबर ४१. चाळीस वेळा ती शांतता ऐकली.

खरं नुकसान दुसऱ्या दिवशी झालं. परिपाठाला सरांनी मला पुढे बोलावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी सरांसाठी आलेच नव्हते! 'चमची' हे नाव मला त्या टाळ्यांनी दिलं आणि ते दहावीच्या निरोप समारंभापर्यंत टिकलं. इथे शिक्षक वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती आहे. अशा मुलाला सगळ्यांदेखत शाबासकी देऊ नका. मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घ्या आणि डबा खाल्लास का एवढं विचारा.

सातारा तालुका

मी एकटा उभा राहिलो नाही. होस्टेलवर आठवीत मोठ्या पोरांनी गुटख्याची पुडी पुढे केली. दोघे नको म्हणाले, त्यांना रात्री खोलीबाहेर झोपावं लागलं. थंडी होती. तिसरा मी, मी तोंड उघडलं. राज्यात बंदी आली २०१२ ला. माझी सवय तोवर पक्की झाली होती, ती सुटायला आणखी चार वर्षं गेली. त्या दोघांना आज शोधतो आहे.

सांगली, विश्रामबाग

हा अनुभव माझ्या मुलाचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची, यावरून काय ते समजा. आमच्याकडे पाणी आलं नाही. गावभागातल्या त्याच्या एका वर्गमित्राचं घर मात्र माळ्यापर्यंत बुडालं. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा तो मुलगा मदतीत आलेला शर्ट घालून आला, खिशावर भलत्याच शाळेचं बोधचिन्ह. कुणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं स्टिकर झालं. माझ्या मुलाने लिहिलं, "काढा हे." उत्तरादाखल तेच स्टिकर वीसपंचवीस वेळा आलं. तो ग्रुपमधून बाहेर पडला.

गृहपाठ त्याच ग्रुपवर यायचा, दोन चाचण्या कधी झाल्या हे त्याला कळलंच नाही. मला समजलं तेव्हा मी काय म्हणाले, तर "जाऊ दे रे, परत जॉइन हो, आपलं नुकसान कशाला?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि त्याला कुठं जाता येणार आहे?"

आई म्हणून आपण मुलांना काय काय शिकवतो ते त्या दिवशी मला दिसलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही, तक्रार केली नाही, कारण मुलाने तसं बजावलं होतं. त्या मित्राच्या आईला फोन केला आणि दोघांचा गृहपाठ आमच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झाला. त्यांच्या घरातला चिखल निघेपर्यंत तो रोज यायचा.

कोरेगाव, शिक्षिका

डी.एड.ला सॉलोमन अॅश यांचा प्रयोग शिकले होते. १९५० च्या आसपासचा, अमेरिकेतला. समोर तीन रेघा, त्यातली दिलेल्या रेघेएवढी कोणती ते सांगायचं. इतकं सोपं की चुकायला नको. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देतात, आणि प्रयोगाला बसलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसं एकदा तरी त्यांच्या मागे जातात. डोळ्यांना खरं दिसत असूनही!

मी नववीच्या वर्गात खडूने रेघा काढून हे करते. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याचा चेहरा बघवत नाही. कान लाल होतात, तो पुन्हा पुन्हा फळ्याकडे बघतो. मग दुसऱ्या फेरीत एकाच मुलाला खरं बोलायला सांगते. एकच, बाकी सगळे चुकीचेच. लगेच पहिल्याचा आवाज मोठा होतो. अॅश यांनाही हेच आढळलं होतं, एक सोबती मिळाला की चुका एकदम कमी होतात. जेरीला गूबर मिळाला असता तर, हा तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. यंदा हाच प्रयोग करून मी वर्गाला विचारणार आहे : आज कोणाच्या बाजूला कोण बसलं नाही?

खटाव, निवृत्त तलाठी

७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत नाव घातलं. राज्यात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वर्गात वेगळं बसवण्याचं, तहान लागली तरी नळाला हात लावू न देण्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. इथं सगळे स्वतःहून एकटं उभं राहण्याचं लिहीत आहेत. आम्हाला उभं राहायचं नव्हतं, बसायचं होतं. सगळ्यांच्या पंगतीत.

माझी चौथी, साल १९६८. कायदा सगळा आमच्या बाजूने झालेला, पण डबा खायला आमच्या आळीची तीन पोरं पिंपळाखाली आणि बाकीचा वर्ग ओसरीवर. असं बसा म्हणून कुणी सांगायचं नाही, तसंच चालत आलेलं. एके दिवशी ओसरीवरून एक जण फडकं घेऊन उठला. आधी वाटलं, पाण्याला निघालाय. तो सरळ चालत आमच्याकडं आला. मागून त्याला हाका मारत होते, त्याच्या घरी सांगू म्हणत होते. त्याच्या कानाच्या पाळ्या थरथरत होत्या, हे मला अजून दिसतं. काही बोलला नाही. खाली बसला, फडकं सोडलं. त्याची बाजरीची भाकरी होती, माझी ज्वारीची. त्याने आपली मोडून अर्धी माझ्या फडक्यावर ठेवली आणि माझ्या अर्ध्या भाकरीसाठी हात पुढे करून बसून राहिला. मला द्यायला जरा वेळ लागला.