मदत हवी आहे: डाएट चालू असताना अधूनमधून मनासारखं खाण्याची मुभा ठेवावी का?

नमस्कार मंडळी,

वजन कमी करताना आठवड्यातून एखाद्या वेळी आवडीचं खाण्याची मुभा ठेवावी की अजिबात ठेवू नये, यावर तुमची मतं हवी आहेत. ज्यांनी वजन उतरवलं आणि नंतर वर्ष-दोन वर्षं तिथेच टिकवलं, त्यांनी तर जरूर लिहावं.

मी आणि माझी धाकटी बहीण काही महिन्यांपासून बरोबरीनेच आहार सांभाळतोय. दोघींच्या तपासण्या झाल्या आहेत. मधुमेह, थायरॉईड असं काही नाही, त्यामुळे तो भाग बाजूला ठेवू. वजन हळूहळू का होईना, उतरतंय. अडलंय ते एवढ्या एकाच प्रश्नावर. तिला आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा हवा आहे. मला दिवस मोकळा सोडणं पटत नाही, पण आधीच ठरवलेलं एखादं जेवण चालेल असं वाटतं.

माझा हिशोब साधा आहे. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर सहा दिवसांत ३००० होते. सातव्या दिवशी गरजेपेक्षा २००० जास्त पोटात गेल्या तर उरल्या फक्त १०००. एका दिवसात एवढं जास्त खाल्लं जाणं अवघड मुळीच नाही. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात ९ कॅलरी असतात, तर प्रथिनं आणि कर्बोदकांत ४. तळलेलं, केक, आईसक्रीम यांत साखर आणि तूप-तेल एकत्रच येतं, आणि पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत बरंच खाऊन झालेलं असतं. त्याउलट एका जेवणात सहा-सातशे कॅलरी जास्त गेल्या, तरी आठवड्याची बहुतेक तूट शाबूत राहते.

बहिणीचं म्हणणं असं की मधूनच भरपूर खाल्लं की शरीराचं चयापचय पुन्हा वेग घेतं. यात तथ्याचा अंश आहे, नाही असं नाही. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन नावाचं संप्रेरक स्रवतं. १९९४ मध्ये त्याचा शोध लागला. खाणं कमी केलं की त्याची पातळी उतरते, भूक वाढते आणि शरीर खर्चात हात आखडता घेतं. पण एका दिवसाच्या खाण्याने ती पातळी वर गेली, तरी पुन्हा कमी खायला लागलं की परत खाली येते. ऑस्ट्रेलियात लठ्ठ पुरुषांवर झालेला 'मॅटाडोर' नावाचा प्रयोग ती मला नेहमी दाखवते. त्यात एका गटाने सलग सोळा आठवडे डाएट केलं, दुसऱ्याने दोन आठवडे डाएट आणि दोन आठवडे विश्रांती असं करत तेवढेच आठवडे पूर्ण केले. दुसऱ्या गटाचं वजन जास्त उतरलं, हे खरंच आहे. पण त्या विश्रांतीत लोक हवं ते खात नव्हते. वजन आहे तिथेच राहील एवढं मोजून खात होते. मोकळ्या दिवसाच्या बाजूने हा प्रयोग उभा करता येईल असं मला वाटत नाही.

तरीही मी हा धागा कॅलरींच्या वादासाठी काढलेला नाही. मला खरी काळजी आहे ती मोकळ्या दिवसानंतरच्या सकाळची. त्या सकाळी ती वजनकाट्यावर उभी राहते, आकडा किलो-दीड किलोने वर दिसतो आणि तिचा चेहरा पडतो. मग सकाळचं खाणं बंद, दुपारी नुसतं सॅलड, संध्याकाळी दुप्पट व्यायाम. रात्री भूक अनावर होते, हाताला येईल ते खाल्लं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच शिक्षा. मी तिला सांगते की ही वाढ चरबीची नाही. कर्बोदकं शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. खारट खाल्लं असेल तर आणखी पाणी थांबतं. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, त्या एका दिवसात कशा जातील? तिला हे डोक्याने पटतं. पण काट्यावर उभं राहिलं की सगळं विसरायला होतं.

मानसशास्त्रात या वागण्याचा बराच अभ्यास झाला आहे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आईसक्रीम खाऊ दिलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आईसक्रीम कमी खाल्लं. सतत बंधनात राहणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. 'आता मोडलंच आहे, तर खाऊनच घेऊ' हा विचार किती बळकट असतो, ते यावरून कळतं. मला वाटतं, नियम जितका ताठ तितका हा धोका मोठा. म्हणून मुभा अजिबात नको असं म्हणायला मी धजत नाही.

दुसरीकडे अमेरिकेतल्या 'नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री'ची निरीक्षणं आहेत. निदान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची ही नोंद १९९४ पासून ठेवली जाते. आठवडाभर सारखंच खाणाऱ्यांचं वजन पुढच्या वर्षात स्थिर राहण्याची शक्यता, आठवड्याच्या मधल्या दिवसांत कडक आणि शनिवार-रविवारी सैल राहणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. आता सातत्य आणि मुभा या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसवायच्या? मला एकच मार्ग सुचतो. आवडीचा पदार्थ रोजच्या हिशोबातच थोडा थोडा घ्यायचा, म्हणजे त्याला वेगळा वार लागणार नाही. माझं यात छान चालतं. चॉकलेटचे दोन तुकडे खाऊन मी वडी बाजूला ठेवू शकते. बहिणीला ते जमत नाही. समोर असेल तर संपेपर्यंत तिचं मन तिथेच राहतं, घरात नसेल तर आठवणही येत नाही. स्वभावच वेगळे आहेत आणि त्यात तिचा काही दोष नाही. मग दोघींना एकच नियम लावण्याचा हट्ट सोडावा का?

आणखी एक गोष्ट विचारायची आहे, जराशी नाजूक. थोड्या वेळात खूप खाणं, खाताना थांबताच न येणं, असं निदान आठवड्यातून एकदा तीन महिने होत राहिलं आणि नंतर फार अपराधी वाटत असेल, तर त्याकडे खाण्याचा आजार म्हणून पाहिलं जातं. त्यावर उपचारही आहेत. बहीण तिथवर गेली आहे असं मला वाटत नाही. पण तुमच्यापैकी कुणी स्वतः किंवा घरातल्या कुणासाठी समुपदेशकाकडे गेलं असेल, तर कोणत्या टप्प्यावर जावंसं वाटलं, ते कृपया लिहा. इथे लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल.

बाकी अनुभवांत मला विशेष करून हे जाणून घ्यायचं आहे की मनासारखं खाल्ल्यानंतरच्या दिवशी तुम्ही काय करता. नेहमीचंच जेवण नेहमीच्या वेळी घेता का? काटा दोन-तीन दिवस पाहायचाच नाही, असं कुणी ठरवलंय का, आणि त्याने फरक पडला का? मुभा घरी घेता की बाहेर? बाहेर घेतली तर उरलेलं घरात राहत नाही, एवढा फायदा मला दिसतो. आणि घरातल्या कुणी तुम्हाला त्या दिवशी काही बोललं असेल, तर कोणते शब्द कामी आले आणि कोणते लागले? रोज सकाळी तिच्याशी बोलणारी मीच असते, म्हणून हे मला नीट माहीत असायला हवं.