लहानपणी आईबाबांच्या कामावर गेलेले सगळे इकडे या

खिडकीतली चिमणी:
काल लेकीची नेलपॉलिशची बाटली फरशीवर सांडली आणि त्या वासाने मी थेट आईच्या ऑफिसात. आई टायपिस्ट होती, शाळेला सुट्टी आणि घरी सांभाळायला कोणी नाही असं झालं की मला घेऊन जायची. सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढायचा मेणकागद, टाइप करताना चूक झाली की त्यावर ब्रशने एक लालसर औषध लावायचं, वास डिट्टो नेलपॉलिश, आणि फुंकर मारून वाळवायचं काम माझं. मग त्याच जागी बरोबर अक्षर. रिबनचा खटका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला की रिबन वर येत नाही आणि अक्षर थेट मेणकागदात कापलं जातं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. जोरात बटण मारलं तर ठ चं पोट फाटून भोक पडायचं, तेव्हा आईच्या तोंडून जे शब्द निघायचे ते घरी कधी ऐकले नाहीत बाई! तुम्ही कोण कोणाबरोबर गेलात, लिहा पटापट.

लाईनक्लिअर:
आमचे बाबा रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये. लाल लीव्हर सिग्नलचे, काळे सांध्याचे म्हणजे गाडीचा रूळ बदलायचे, निळे सांधा पक्का करणाऱ्या लॉकचे, पांढरा म्हणजे रिकामा, कशालाच जोडलेला नाही. सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नलचा लीव्हर कितीही लोंबकळा, हलणार नाही, खाली लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. बाबा लीव्हर कायम फडक्याने धरायचे कारण घामाने दांडा गंजतो, मला वाटायचं तापलेला असतो. तर मुद्दा असा की पांढरा लीव्हर माझा होता. बाबा 'हां, ओढ आता' म्हणायचे, मी ओढायचो आणि गाडी जायची. बरीच वर्षं शाळेत सांगत होतो की मेल मी सोडतो.

अर्धवट झोप:
पांढरा लीव्हर!! अहो मी बसमध्ये हसतेय, बाजूची बाई सरकून बसली.

शाईचे हात:
वडील छापखान्यात कंपोझिटर, त्यामुळे मी उलटी अक्षरं आधी वाचायला शिकलो आणि सुलटी नंतर, पहिलीच्या बाई हैराण. मराठीच्या केसेस, म्हणजे खिळ्यांचे (धातूच्या सुट्या अक्षरांचे) खण, भिंतभर पसारा कारण अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना मात्रा सगळ्यांचे खिळे वेगळे. छापून झालं की फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर, सोडून एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा, हे कंटाळवाणं काम मुलांच्या गळ्यात. भ म शेजारी ठेवू नयेत असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. वडील कधी रागावले नाहीत, नियम एकच, साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, खिळ्यात शिसं असतं.

ठिपक्यांची रांगोळी:
बाबा बँकेत. मला फक्त तो ओला स्पंज आठवतो, नोटा मोजायचा, गोल डबीतला. बोट बुडवत बसायचे दिवसभर. बेल वाजली, आले.

अर्धवट झोप:
तो स्पंज!! मी एकदा पिळून बघितला होता, ईईई.

मागावरचा:
मला अजिबात आवडायचं नाही. यंत्रमागाचा खडखडाट इतका की सगळे हातवारे करून आणि ओठ वाचून बोलायचे. त्याचा परिणाम असा की बाबा घरीही ओरडूनच बोलत, साधं 'टॉवेल कुठे आहे' विचारलं तरी शेजारी भांडण सोडवायला यायचे. शेवटी ऐकू कमी येऊ लागलं त्यांना. मशीन लावून दिलंय पण घालत नाहीत, म्हणतात आता शांत बरं वाटतं.

लिहू का नको:
माझी आई धुणीभांडी करायची. मी जिन्यात बसायचं आणि कशाला हात लावायचा नाही. त्या घरात माझ्याच वयाचा मुलगा होता, तो दाराच्या फटीतून गोष्टीचं पुस्तक सरकवायचा, आई निघेपर्यंत वाचून तसंच आत परत. आईचा हात भयंकर चपळ हो, दोन गोष्टी होईतो भांडी संपलेली असायची. मी अजूनही भराभर वाचते, माझा नवरा म्हणतो तू पानं मोजतेस की काय.

खिडकीतली चिमणी:
@लिहू का नको, बरं झालं लिहिलंस गं. तो मुलगा भेटला का परत कधी?

लिहू का नको:
नाही. आईने ते काम सोडलं. एक गोष्ट अर्धी राहिली ती राहिलीच.

हायपो:
बाबांचा फोटो स्टुडिओ. डार्करूमच्या लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कोरा कागद हलवत राहायचं, आधी केस दिसायला लागतात, मग डोळे, अनोळखी नवरानवरी हळूहळू आपल्याकडे बघायला लागतात. भीती वाटायची मला.

मागावरचा:
एक शंका, लाल दिव्याने फोटो खराब नाही व्हायचा?

हायपो:
ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटच्या कागदाला लाल उजेड कळत नाही म्हणून चालतं. रोल मात्र ठार अंधारात धुवायचा, तेव्हा मला दाराबाहेर राखणीला बसवायचे. कोणी दार उघडलं तर अख्खं लग्न गेलं!

सव्वापाच:
आमच्या पोरांना काय सांगायचं, त्यांच्या मते बाबाचं काम म्हणजे दारामागे बसून 'आवाज येतोय का' विचारणं.

ट्रंककॉल:
आई टेलिफोन ऑपरेटर. घरी आजीसमोर आवाज निघायचा नाही तिचा. पण बोर्डासमोर हेडफोन चढवला, दोन्ही हातात कॉर्ड घेतल्या की मोठमोठ्या साहेबांना मध्येच तोडून 'तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?' मी तोंड उघडं टाकून बघत बसायचे. आजीला एकदा दाखवायला हवं होतं.

अर्धवट झोप:
ऐकू यायचं का हो सगळं? म्हणजे लोकांचं बोलणं?

ट्रंककॉल:
यायचं की. पण घरी एक अक्षर आणलं नाही तिने. गावातली एक सोयरीक मोडली तेव्हा मावशी दोन दिवस आमच्याकडे ठाण मांडून बसली होती, काय बोलले सांग, काय बोलले सांग. आईने हूं की चूं केलं नाही. मावशी अजून फुगलेली आहे.