तार, वायर, केबल, तात: कुठे कोणता शब्द?

प्रश्न: ‘वायर’ला ‘तार’ हा शब्द असताना ‘इस्त्रीची तार जळाली’ असं कुणी म्हणत नाही, ‘वायर जळाली’ म्हणतात. उलट कुंपणाला तारच असते. मग हे दोन शब्द एकाच अर्थाचे धरायचे का?

— नाही. फरक आवरणाचा आहे. उघडा धातू ती तार, त्यावर प्लास्टिक चढलं की वायर. वायर सोलली की आत तार निघते, यावरूनच पटावं. खांबावरून जाते ती तार, भिंतीतल्या पाइपातून जाते ती वायर. म्हणून बातमीत ‘विजेची तार तुटून पडली’ असंच लिहावं. ती उघडी आहे, जवळ जायचं नाही, हे त्या शब्दातच येतं. ‘वायर पडली’ म्हटलं की धोका निम्मा वाटतो.

फ्यूजमध्येही तारच. ठरावीक ॲम्पिअरच्या वर ती वितळावी म्हणूनच बसवलेली असते. तिच्या जागी वायर सोलून तांब्याचे चार-पाच पदर पिळून घातले, तर ते वितळत नाहीत. मग भिंतीतली वायर तापते आणि तिचं आवरण जळतं. तार वितळली पाहिजे, वायर वितळता कामा नये, इतका हा फरक कामाचा आहे.

दुकानातही दोन्हींची मापं वेगळी. वायर मीटरवर किंवा ९० मीटरच्या गुंडाळीने मिळते आणि चौरस मिलिमीटरवरून मागतात: दिव्या-पंख्याला ‘दीडची’, १६ ॲम्पिअरच्या प्लगला ‘अडीचची’, एसीला ‘चारची’. तार किलोवर आणि गेजवर. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९. नवखा माणूस इथे हमखास उलटं माप घेऊन येतो.

— मग सळ्या बांधायला वापरतात ती ‘बायंडिंग वायर’? तिला कुठे आवरण असतं?

— तिथे इंग्रजी जोडनाव आख्खं उचललंय, म्हणून वायर आली. सुटा शब्द वापरायची वेळ आली की बांधकामावरही ‘तार आण, तार पिळ’ असंच ऐकू येतं.

— केबल राहिली. एकाच वेष्टनात दोन-तीन वायरी एकत्र आल्या की केबल. ‘तीन कोअरची केबल’ म्हणतात ती हीच. वीज खात्याच्या मराठीत ‘वाहिनी’ आहे, पण वाहिनी म्हणजे खांब-तारांसह आख्खा मार्ग. ‘११ केव्ही वाहिनी बंद आहे’ हे ठीक, ‘वाहिनी तुटली’ हे कानाला खटकतं. आयटीआयमध्ये वायरमनच्या अभ्यासक्रमाला ‘तारतंत्री’ म्हणतात, हा शब्द मला फार नेटका वाटतो.

— वाद्यांकडेही बघा. तंबोऱ्याला चार तारा, धातूच्या. सारंगीच्या मुख्य तीन तारांना मात्र ‘तात’ म्हणायचं, कारण त्या आतड्याच्या. पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही तातच. आणि तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सरकवतात ते ‘सूत’. ते केसभर पुढे-मागे झालं तरी जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, बिघडते, आवाज बसका येतो. धातू, आतडं, कापूस: तिघांना तीन शब्द. म्हणून ‘सारंगीची वायर’ लिहिलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

— स्वयंपाकघरातल्या तारेला धातूचा संबंधच नाही. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं फाकवली की एक धागा निघतो, तो एकतारी पाक. रव्याच्या लाडवाला हाच हवा. दोनतारीपर्यंत गेला तर लाडू दगडासारखे होतात. भेंडीला सुटते आणि शिळ्या आमटीला येते तीही तारच. इथे लांबट, चिकट, न तुटणारं, एवढाच अर्थ उरतो.

— व्याकरणाचं एक. तार स्त्रीलिंगी: तारेवर, अनेकवचन तारा, तारांवर. आकाशातला तारा पुल्लिंगी: ताऱ्यावर, अनेकवचन तारे. ‘कावळा ताऱ्यावर बसला’ असं हल्ली छापून येतं, ते चूक. संदेश पाठवायची तार (टेलिग्राम) जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण पोलिसांचा ‘बिनतारी संदेश’ आजही चालू आहे. वायरचं अनेकवचन ‘वायरी’, तेही बिनदिक्कत लिहावं.