डेबियन १२ : झेडएफएसची साधने बसली, पण मॉड्यूल सापडत नाही

प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयातील जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती जपून ठेवण्यासाठी एका संगणकावर डेबियन १२ (लिनक्सवर आधारित प्रणाली) बसवले असून त्याला प्रत्येकी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क जोडल्या आहेत. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर राहावा आणि पडून राहिलेली एखादी फाइल खराब झालीच तर ते आम्हाला कळावे, या दोन कारणांसाठी मी झेडएफएस (डिस्कवर मजकूर साठवणारी एक फाइल सिस्टिम) निवडले. पॅकेजेस कुठून घ्यायची हे नोंदवणाऱ्या ‘सोर्सेस.लिस्ट’ या फाइलमध्ये ‘मेन’ या शब्दापुढे ‘कॉन्ट्रिब’ लिहून ‘एपीटी अपडेट’ केले आणि ‘झेडएफएसयुटिल्स-लिनक्स’ हे पॅकेज बसवले. सिस्टिमची डिस्क लहान असल्यामुळे, शिफारस केलेली पॅकेजेस वगळण्याचा पर्याय त्या वेळी दिला होता.

पॅकेज विनातक्रार बसले आणि ‘झेडपूल’ ही कमांडही सापडते. परंतु ती चालवली की झेडएफएसचे मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जोडला जाणारा भाग) लोड करता येत नाही असे उत्तर येते, आणि ‘मॉडप्रोब झेडएफएस’ केल्यास त्या नावाचे मॉड्यूलच सापडत नसल्याचा संदेश मिळतो. काय राहिले आहे? शिवाय एवढ्याशा कामासाठी झेडएफएसच वापरावे, की एमडीएडीएम (डिस्क एकत्र जोडून मिरर, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर, ठेवणारे साधन) आणि एलव्हीएम (डिस्कवरच्या जागेची विभागणी सांभाळणारे साधन) पुरेसे होईल?

उत्तर १

आपण बसवलेल्या पॅकेजमध्ये फक्त कमांड लाइनवरची साधने असतात. प्रत्यक्ष काम करणारे मॉड्यूल कर्नलमध्ये लागते, आणि ते डेबियनच्या कर्नलसोबत येत नाही. झेडएफएसचा कोड सीडीडीएल परवान्याखाली आहे आणि लिनक्स कर्नल जीपीएलखाली. हे दोन परवाने एकमेकांशी जुळत नाहीत अशी डेबियनची भूमिका असल्याने तयार मॉड्यूल न देता त्याचा सोर्स (मूळ कोड) ‘झेडएफएस-डीकेएमएस’ या पॅकेजमधून दिला जातो आणि डीकेएमएस या साधनाच्या मदतीने मॉड्यूल आपल्याच संगणकावर कंपाइल होते, म्हणजे त्या कोडवरून तयार होते. उबुंटूने १६.०४ या आवृत्तीपासून वेगळी भूमिका घेऊन तयार मॉड्यूल द्यायला सुरुवात केली; त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेल्या सूचना इथे अपुऱ्या पडतात.

‘झेडएफएस-डीकेएमएस’ हे नेमके शिफारस केलेल्या पॅकेजांपैकी आहे, म्हणजे आपल्या पर्यायाने तेच वगळले गेले. आधी ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ (कंपाइल करताना लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइली) बसवा आणि त्यानंतर ‘झेडएफएस-डीकेएमएस’. हेडर्सचे पॅकेज विशिष्ट क्रमांकाचे न घेता याच सर्वसाधारण नावाचे घ्यावे, म्हणजे पुढे कर्नल बदलला की त्याचे हेडर्सही सोबत येतील. बसवताना परवान्यांविषयीची सूचना दिसेल. ती वाचून पुढे जावे. कंपाइल व्हायला वेळ लागतो, मधेच बंद करू नये. त्यानंतर ‘डीकेएमएस स्टेटस’ने दाखवलेला कर्नलचा क्रमांक आणि ‘यूनेम -आर’ने दाखवलेला चालू कर्नलचा क्रमांक एकच आहे ना, हे पाहावे.

बॅकपोर्ट्समधला (चालू डेबियनसाठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या संग्रहातला) नवा कर्नल घेतला असेल तर झेडएफएसही तिथूनच घ्यावे लागेल. डेबियन १२ मधील झेडएफएस २.१.११ हे त्यातील ६.१ कर्नलसाठी योग्य आहे. त्याहून बऱ्याच नव्या कर्नलवर ते कंपाइल होणार नाही.

उत्तर २

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. एमडीएडीएम आणि एलव्हीएमसाठी लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्यामुळे ‘एपीटी इन्स्टॉल’नंतर कंपाइल करण्याचे काहीच उरत नाही, आणि नुसती जागा हवी असेल तर मी निःशंकपणे तेच सुचवीन. मात्र तिथेही एक पायरी अनेकदा राहून जाते : तयार केलेल्या ॲरेची (जोडलेल्या डिस्कांच्या संचाची) नोंद ‘एमडीएडीएम.कॉन्फ’मध्ये करून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावे लागते, नाहीतर रीबूटनंतर ॲरे ‘एमडी१२७’ अशा अनपेक्षित नावाने समोर येतो.

आपली गरज निराळी आहे. एमडीच्या (एमडीएडीएमने केलेल्या) मिररमध्ये दोन डिस्कवरच्या प्रतींत फरक पडला, तर फरक आहे एवढे तपासणीत कळते. त्यांतील बरोबर कोणती हे ठरवायला त्याच्याकडे चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखण्यासाठी त्यावरून काढलेली संख्या) नसतो. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवते आणि बिघडलेला ब्लॉक दुसऱ्या डिस्कवरील चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते. वर्षानुवर्षे न उघडल्या जाणाऱ्या पानांसाठी हाच गुण निर्णायक आहे, म्हणून कंपाइल करण्याचा त्रास सोसूनही मी झेडएफएसच ठेवीन.

पूल (झेडएफएसखाली एकत्र जोडलेल्या डिस्कांचा संच) तयार करताना ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही नावे न देता ‘डिस्क/बाय-आयडी’खालची नावे द्यावीत, त्यांत डिस्कचा सिरियल नंबर असतो, त्यामुळे उद्या एखादी डिस्क बदलायची झाली तर नेमकी कोणती काढायची याची शंका राहत नाही. ‘अॅशिफ्ट’ (ब्लॉकचा किमान आकार ठरवणारे मूल्य) १२ ठेवावे. एकदा पूल झाला की त्या डिस्कसाठी हे मूल्य बदलता येत नाही. डिस्कची स्थिती तपासणारे ‘स्मार्टमॉनटूल्स’ही आजच बसवा आणि मजकूर ठेवण्यापूर्वी दोन्ही डिस्कवर ‘स्मार्टसीटीएल’ची लांब चाचणी चालवा; तिला काही तास लागतील. मिरर केला तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते, तेव्हा तिसरी प्रत इमारतीबाहेर असणे अत्यावश्यक आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हेडर्स आणि डीकेएमएस बसवल्यावर मॉड्यूल कंपाइल झाले, पण आता ‘मॉडप्रोब’ चालवल्यास किल्ली नाकारली गेल्याचा संदेश येतो. संगणकात सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू आहे. ते बंद करण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर १

बंद करण्याची गरजही नाही. आधीचा संदेश मॉड्यूल नसल्याचा होता; आताचा संदेश, मॉड्यूल आहे पण त्यावरील सही कर्नलला ओळखीची नाही, असा आहे. डेबियन १२ मधील डीकेएमएस स्वतःची किल्ली तयार करून तिने मॉड्यूलवर सही करते. ‘व्हार/लिब/डीकेएमएस’मधील ‘एमओके.पब’ ही फाइल ‘मोकयुटिल’च्या इम्पोर्ट पर्यायाला द्या, मागेल तेव्हा एक तात्पुरता पासवर्ड ठरवा आणि रीबूट करा. सिस्टिम सुरू होण्यापूर्वी निळा पडदा येईल. तिथे ‘एनरोल एमओके’ (आपली किल्ली नोंदवण्याचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्यायचा आहे. हे काम एसएसएचवरून होत नाही, त्यामुळे संगणकापाशी कीबोर्ड आणि मॉनिटर घेऊन बसावे लागेल. तो पडदा थोडा वेळच थांबतो; संधी हुकल्यास इम्पोर्टपासून पुन्हा करावे.

किल्ली एकदाच नोंदवायची असते. पुढील प्रत्येक कर्नल अपडेटनंतर मात्र रीबूट करण्यापूर्वी ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहावे. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झालेले नसेल, तर रीबूटनंतर पूल दिसणार नाही. डिस्कवरचा मजकूर सुरक्षितच असतो, आणि संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडला की पूल पुन्हा उपलब्ध होतो.