वडिलांच्या मागे राहिलेली १२ बोअरची दुनळी: परवाना, गंज आणि काडतुसं

देवगडचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. वडील गेल्या माघात गेले. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची त्यांची १२ बोअरची दुनळी घरातच आहे. आजोबांच्या वेळची, बाहेर घोडे असलेली. अख्खा पावसाळा कातडी म्यानात घालून माळ्यावर होती. काल काढली तर दोन्ही नळ्यांवर तांबूस गंज. सोबत नऊ काडतुसं आहेत, त्यातली चार जुनी कागदी कवचाची, थोडी फुगलेली. वानरांनी कलमांवर उच्छाद मांडलाय, म्हणून नुसता बार काढायला तरी वापरूया असं घरात बोलणं चाललंय. परवाना माझ्या नावावर कसा होईल? गंज कशाने काढू? आणि नवी काडतुसं आणली तर या बंदुकीत चालतील का?

कुडाळकर_७१

खोबऱ्याचा तेल लाव रे. आमचो आजो ताच लावी.

कट्ट्याचा_आर्मरर

सैन्यात २२ वर्षं हत्यारं दुरुस्त केली, आता मालवण तालुक्यात काजू-नारळ बघतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बाबा रे, आधी ती बंदूक घराबाहेर काढ. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो तुला चालत नाही. आज ती दुनळी तुझ्या घरात विनापरवाना आहे आणि गुन्हा तुझ्यावर लागू शकतो. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की अशी बंदूक उगाच वेळ न घालवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. काडतुसंही बरोबर दे. पावतीवर नळीवरचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घे. मग ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून अर्ज कर. अर्जाचा नमुना ए-१, वडिलांचा मृत्यू दाखला, आई आणि भावंडांची संमती, सातबारा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची वेगळी तरतूद आहे. परवाना मिळाला की तो पाच वर्षांचा असतो, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचा असायचा.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनीही हे वाचा. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर जिवंतपणीच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. आमच्या वाडीत हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि घरात दुःख असताना कागदासाठी धावायची पाळी दोन घरांवर आली.

वानरांसाठी बार काढायचं तर आता डोक्यातून काढून टाक. परवाना होईपर्यंत चापाला बोट लावायचं नाही. आणि परवाना झाला तरी वानर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याच्यावर छर्रा झाडलास तर वेगळा गुन्हा.

गंजाचं कारण ते म्यान. कातडं दमट हवा शोषून धरतं, आपल्याकडे त्यात खारी हवा. पावसाळ्यात बंदूक म्यानात ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं. खोबरेल नको, कुडाळकरांनी राग मानू नये. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि घोड्याच्या कळीत साचतं. शिलाई मशीनचं तेल घे, अगदी बारीक स्टीलवूल त्यात भिजव आणि हलक्या हाताने पूस. पॉलिश पेपर अजिबात लावू नको, नळीचा काळा थर निघून जाईल. जमा करायच्या आधी तेलाचा हात फिरवून दे.

आता काडतुसांचं, कारण खरा धोका इथे आहे. जुन्या दुनळ्यांचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं. आज मिळणारी काडतुसं साधारणपणे ७० मिलिमीटरची. गंमत अशी की न उडवलेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार होताना ती घडी उलगडते, पुढे जागा नसते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब एकदम वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं समजू नको. परवानाधारक गनस्मिथकडून, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, चेंबर मोजून घेतल्याशिवाय एकही बार नाही. फुगलेली कागदी काडतुसं उन्हात वाळवू नको, कापून बघू नको, तशीच जमा कर.

आणखी एक. बंदूक मोड, म्हणजे बिजागरीतून उघड, दोन्ही चेंबर रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघ आणि मागच्या बाजूने उजेडाकडे नळीतून बघ. मी एका नळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर बघितलंय, बोटाएवढं. बाहेरून काही दिसत नव्हतं. तसा बार काढला असता तर नळी फाटून डाव्या हाताचा पंजा गेला असता.

देवगडचा_बागायतदार

काका, उद्याच ठाण्यात जातो. पण तिथे गंज आणखी वाढला तर?

कट्ट्याचा_आर्मरर

वाढू शकतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीवेळी माझी बंदूक ठाण्यात जमा होती, ७ मे चं मतदान झाल्यावर परत मिळाली ती लाकडी कुंद्याला चीर घेऊनच. दमट कोठडीत बंदुका एकमेकांवर टेकवून ठेवलेल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, पण देतानाचे फोटो नव्हते. म्हणून फोटो काढ, नळी आणि कुंदा दोन्ही बाजूंनी. विक्रेत्याकडे ठेवलीस तर भाडं पडेल, पण तेलपाणी होतं. मी असतो तर तिथेच ठेवली असती.

चिपळूणची_सून

दादा, आमच्याकडे सासऱ्यांची ठासणीची बंदूक ओटीवर खुंटीला आहे, परवाना चालू आहे. पण ती भरलेली आहे की रिकामी हेच कोणाला सांगता येत नाही. सासऱ्यांना आता आठवत नाही. घरात दोन लहान मुलं आहेत.

कट्ट्याचा_आर्मरर

ताई, आज रात्री मुलांना ओटीवर झोपवू नका. ठासणीची बंदूक तोंडातून दारू-छर्रे ठासून भरतात, ती मोडून आत बघता येत नाही, हाच तिचा घात. आधी लांबूनच बघा, घोडा जिथे आपटतो तिथे तांब्याची कॅप, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, दिसते का. दिसली तर हातही लावू नका, ठाण्यात फोन करा.

कॅप नसेल तर जाणत्या माणसाला बोलवा. तो नळीच्या तोंडासमोर न येता, बाजूला उभा राहून गज, म्हणजे ठासायची सळई, हळूच आत सोडेल, टेकला की तोंडाशी बोटाने खूण धरेल. मग तोच गज बाहेरून नळीला लावायचा. रिकामी असेल तर गजाचं टोक मागे कॅपच्या जागेपर्यंत पोचतं. तीन-चार बोटं अलीकडे राहिलं तर आत दारू आणि छर्रे आहेत. मग कोणी काही खरवडायचं नाही, गनस्मिथच ती रिकामी करेल.

आमच्या शेजारच्या घरी असाच गज लावला होता. चार बोटं कमी. ती बंदूक अकरा वर्षं पाळण्याच्या वर टांगलेली होती.

चिपळूणची_सून

कॅप दिसत नाही. मुलांना माजघरात झोपवलंय. सकाळी हे गनस्मिथला आणायला जातील.